सही तुझीच होती

प्रिय संघर्ष,

कागदावर लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलं असशीलच. तुझा फोन बंद आहे आणि मेलवर लिहायची सोय उरलेली नाही, का ते पुढे सांगते. आई शनिवारी निपाणीला यल्लाप्पामामाकडे येणार आहे, तिच्या हाती हे देतेय. तू मामाच्या गुऱ्हाळावर आहेस हे मला कळलंय. आईवर चिडू नकोस, तिनं आपणहून सांगितलं नाही, मी तिच्याकडून काढून घेतलं. आणि एक कर, वाचायला घेतलंस तर शेवटपर्यंत वाच. राग आला म्हणून अर्ध्यातच चुलवाणात टाकू नकोस.

एप्रिलपासून आपण बोललो नाही. जयंतीला तू पुण्याहून आला होतास. मिरवणूक आटोपून आपण मागच्या दारात बसलो होतो आणि आत आईच्या पोळ्या चालल्या होत्या. तू म्हणालास, ‘अक्का, माझ्या निरोप प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काढलीया, तुझ्या ब्लड बँकेच्या सर्व्हरवर टाक की.’ मी म्हटलं, येईल तेव्हा टाकीन. ‘येईल म्हंजे? मी सवता लिवलंय. माझ्या साइटवरनं घे आन् टाक, किती येळ लागतोय?’ मी नाही म्हणाले. आमच्या सर्व्हरवर जे लिनक्स आहे त्याची स्थिर आवृत्तीच मी ठेवते, आणि ती सांभाळणाऱ्या मंडळींनी स्वतःच्या भांडारात जे पॅकेज घेतलंय तेवढंच बसवते. ते जुनं असतं, कबूल. पण त्यातली सापडलेली भोकं ते वेळच्या वेळी बुजवत असतात, आणि माझ्यापर्यंत येण्याआधी चार अनोळखी माणसांनी ते उलटसुलट पाहिलेलं असतं. एखादी नवी सोय हवी म्हणून मी कुठल्याही साइटवरून काहीही उचलून आणत नाही. ‘कुठल्याही’ हा शब्द तुला लागला. ‘माझ्या हातचा च्या चालतोय, माझ्या हातचं पॅकेज चालत न्हाय व्हय?’ म्हणालास. मी म्हटलं, त्या सर्व्हरवर लोकांच्या रक्ताची नोंद आहे, तिथं भाऊबिऊ काही नाही. तू उठलास, बॅग घेतलीस आणि संध्याकाळची गाडी धरलीस. आई डबा घेऊन स्टँडपर्यंत तुझ्यामागं आली होती, ते तुला कळलं तरी का कोण जाणे.

मला त्या बोलण्याचा पश्चात्ताप नाही, हेही सांगून टाकते. तुझ्या जागी बाबा असते तरी मी तेच बोलले असते.

पण निरोप मला परका आहे असं तू समजलास, ते चूक. एकोणीसच्या पुरात तू कॉलेजात शिकत होतास. शिरोळच्या बाजूला सगळं पाण्याखाली, तुम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर, आणि मी इकडे कोल्हापुरात अडकलेली. कुठल्या गल्लीत म्हातारं माणूस राहिलंय, कुणाला औषध हवंय, हे बोटवाल्यांना कळवायचं तर रेंज येतेय आणि जातेय. मेसेज मध्येच अडकायचे, नाहीतर एकच मेसेज दोनदा जायचा आणि बोट रिकाम्या घराकडे दुसऱ्यांदा फिरायची. तू लॅपटॉपवर बसून तो छोटा प्रोग्रॅम लिहिलास. रेंज नसली की निरोप धरून ठेवायचा, आली की क्रमानं सोडायचा, एकही गाळायचा नाही, एकही दोनदा द्यायचा नाही. मला आलेला पहिला निरोप मी अजून पुसलेला नाही. ‘आई ठीक. म्हसरं सोडली. तू येऊ नको.’ पुढे तो प्रोग्रॅम कुठल्या कुठे गेला. दवाखाने, शाळा, ग्रामपंचायती, परदेशातली कसली कसली माणसं. लिनक्सच्या त्या मंडळींनी तो आपल्या भांडारात घेतला त्या दिवशी तू गल्लीत पेढे वाटलेस आणि पेढे कशाचे ते कुणाला समजलं नाही. अंबूबाईनं तर तुझं लग्न ठरलं म्हणून आईचं अभिनंदन केलं. मला समजलं होतं. आमच्याकडे रक्त कमी पडलं की दात्यांना जो मेसेज जातो आणि दवाखान्यांकडून जी मागणी येते, ती आजही निरोपमधूनच येते-जाते. भांडारातून आलेल्या, जुन्या, तपासलेल्या निरोपमधून.

किरणचं नाव मी त्याच एप्रिलमध्ये पहिल्यांदा ऐकलं. भांडणाच्या आधी, तू खुशीत असताना. एक चांगला माणूस भेटलाय, म्हणालास, न मागता दुरुस्त्या पाठवतो, लोकांच्या तक्रारींना उत्तरं देतो, रात्रंदिवस मदतीला तयार. मी विचारलं, कुठला आहे? तुला माहीत नव्हतं. आवाज ऐकलास कधी? नाही. बाई की बुवा, तेही तुला सांगता येईना. ‘अक्का, तुला सगळीच चोर दिसत्यात.’ असेल. पण तू पुण्याला गेल्यावर मी निरोपचं जाहीर पान, जिथं कोड आणि तक्रारी सगळ्यांना दिसतात ते, वाचायला लागले. तिथं काही नावं तुझ्या मागंच लागलेली दिसली. इतका उशीर का, काम झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या, एकट्यानं अडवून का बसलात. ही नावं दुसरीकडे कुठेच काही लिहीत नव्हती. फक्त तुला टोचायला जन्मलेली. आणि प्रत्येक टोचणीनंतर किरण यायचा, गोड बोलायचा, आणखी थोडं काम स्वतःकडे घ्यायचा. मी हे तुला लिहून कळवायला हवं होतं म्हणशील. दोनदा फोन केला, तू कापलास.

डिसेंबरात तुझ्या नावानं घोषणा आली. निरोपची नवी आवृत्ती, सुरक्षेची अतिशय महत्त्वाची दुरुस्ती, स्थिर भांडारात यायची वाट पाहू नका, सगळ्यांनी ताबडतोब साइटवरून घेऊन बसवा. आमचे सेक्रेटरी संग्रामसर दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी हजर. शिरोलीच्या कारखान्यांमधल्या दात्यांना एकदम बोलावता येईल अशी सोय या आवृत्तीत होती आणि ती त्यांना शिबिराआधी हवी होती. ‘तुमच्या भावाचंच आहे ना मॅडम? मग कसली अडचण?’ मी म्हटलं, बघते. पण ती घोषणा मला पहिल्या वाचनातच रुचली नव्हती. तू कधी कुणाला घाई केली नाहीस. तुझ्या जुन्या घोषणा ‘सवडीनं घ्या’ म्हणूनच संपायच्या. आणि सुरक्षेची दुरुस्ती एवढी महत्त्वाची, तर भोक नेमकं कुठं होतं त्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

म्हणून एका जुन्या मशीनची नेटवर्कची वायर काढली आणि नव्या आवृत्तीच्या फाइलींचा गठ्ठा साइटवरून उतरवून तिथं उघडला. आधी सही तपासली. एवढ्यासाठीच सही असते ना, पॅकेज ज्यानं बनवलं त्याच्या गुप्त चावीनंच ती होते, दुसऱ्याला करता येत नाही. सही तुझीच होती. मग जाहीर पानावरचा कोड आणि गठ्ठ्यातला कोड शेजारी शेजारी लावून पाहिले. सगळं तंतोतंत जुळत होतं, पण गठ्ठ्यात एक फाइल जास्त होती. नाव असं की चाचणीसाठी ठेवलेला नमुना वाटावा, आत नुसता गिचमिडा. निरोप बसवताना तो गिचमिडा उलगडायचा आणि मूळ प्रोग्रॅममध्ये गुपचूप मिसळायचा. मी त्या मशीनवर तो चालू केला तेव्हा त्यानं पहिलं काम काय केलं असेल? बाहेरचा एक अनोळखी पत्ता शोधायला लागला. वायरच काढलेली, म्हणून बिचारा शोधतच राहिला. दुपारची वेळ होती, बाहेर रक्त द्यायला आलेली कॉलेजची मुलं हसत होती. कुणाचा रक्तगट काय, कुणाच्या रक्तात तपासणीत काय निघालं, कुठली पिशवी कुणासाठी राखलीय, हे सगळं ज्या सर्व्हरवर आहे, त्याचं दार आतून उघडून देणारा माणूस तुझी सही करून आला होता.

संग्रामसरांना सांगितलं, ही आवृत्ती बसणार नाही. ते चिडले, भावाबहिणीचं भांडण ऑफिसात आणू नका म्हणाले. मी जुनी आवृत्ती कुलूप घातल्यासारखी जागेवर बांधून टाकली, म्हणजे चुकूनही कुणी ती बदलू नये, आणि मग तुला मेल केला. एकच ओळ. ‘ही आवृत्ती तू काढलीस का?’

उत्तर लगेच आलं. ते जसंच्या तसं लिहिते. ‘प्रिय ताई, तू उगाच काळजी करतेस. ही आवृत्ती मी स्वतः तपासून काढली आहे. कृपया लवकरात लवकर बसवून घ्यावी. तुझा भाऊ, संघर्ष.’

ताई! आईच्या माहेरची रीत म्हणून आपल्याकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि बोलता यायला लागल्यापासून तू मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली नाहीस. रागातसुद्धा ‘अक्के’. तुझ्या खात्यात बसलेल्या माणसानं मराठीत थोरल्या बहिणीला काय म्हणतात ते कुठूनतरी शोधलं आणि ताई लिहिलं. खोटं सांगत नाही, पहिल्या क्षणी मला रडू आलं ते सुटल्यासारखं. हा तू नव्हेस. पण डोकं थांबत नाही रे. दुसरा कुणी तुझ्या खात्यात आहे, तुझी चावी त्याच्याकडे आहे, मग ती त्यानं चोरली, का तू दिलीस? दिलीस तर काय म्हणून दिलीस? तूच तर सांगून ठेवलं नसशील, की बहिणीचा मेल आला तर वेळ मारून ने? मी तुझ्या पुण्याच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईनं थंडपणे सांगितलं, सप्टेंबरात बरीच माणसं कमी केली, त्यात तेही गेले. माझ्या भावाची नोकरी गेल्याचं मला एका परक्या बाईनं सांगितलं.

त्या रविवारी मी गावी गेले. आईला मी येणार हे कळवलं नव्हतं, मुद्दामच. स्वयंपाकघरात नवा फ्रीज उभा. मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या आणि विचारलं, हा कुठनं आला? आई म्हणाली, ‘आली तशी बस तरी.’ मी पुन्हा विचारलं, संघर्षनं दिला का? तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला मान खाली घालावी लागली. ‘बचत गटातनं घेतलाय म्या. पोलीस झालीस व्हय गं सोनम तू?’ एवढं बोलून ती चहा ठेवायला वळली. माझ्या मनात काय आलं होतं ते तिला बरोबर कळलं, आणि आता तुलाही कळलंय. तू ती चावी विकली असशील, असं मला वाटलं होतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

चहा गुळाचा होता. डब्यात नव्या गुळाची ढेप, कानडी पेपरात बांधलेली. गावात कानडी पेपर कोण घेतंय? मी म्हटलं, मामाकडून कोण आलं होतं? ‘कोन न्हाय.’ मग ढेप चालत आली का? आईला खोटं बोलता येत नाही, ती नुसती भांडी घासत राहते. घासून घासून शेवटी तिनं पातेलं आपटलं. ‘सांगू नगो म्हनलाय त्यो तुला. लई दमलाता गं. लोकं शिव्या देत हुती म्हनं त्येला, इंग्लिशमधनं. नोकरीबी गेली. मामाकडं गेल्या गेल्या झोपला ते जेवायलाबी उठंना. मी गेलते तवा म्हनला, आये, त्ये सगळं किरनच्या हवाली केलंय, चावीबिवी समदं, सुटलो एकदाचा.’ आणि मग मलाच विचारलं, ‘चावी म्हंजे खोलीची गं?’

मी हो म्हटलं.

आता यावर मी विश्वास ठेवायला हवा. आई खोटं बोलत नाही. पण तू आईला जे सांगितलंस तेच ती मला सांगणार, आणि तू काय खरं सांगितलंस ते मला माहीत नाही. बघ, ही अशी झालेय मी. कामात ही सवय उपयोगी पडते. घरी आल्यावर ती काढून ठेवता येत नाही. पुराच्या वेळी रात्रभर जागून लोकांची नावं लिहून घेणारा माझा भाऊ आणि त्या गठ्ठ्यावरची सही, यातलं कोणतं धरून चालायचं ते मला कळेनासं झालंय.

तोवर मी लिनक्सच्या त्या मंडळींच्या सुरक्षा गटाला सगळं कळवलं होतं. फाइल पाठवली, पत्ता पाठवला. त्यांनी तपासलं, माझं बरोबर निघालं, आणि नवी आवृत्ती त्यांच्या चाचणीच्या भांडारात शिरली होती ती त्याच दिवशी काढून टाकली. आमच्याकडे काही बिघडलं नाही. पण ज्यांनी घोषणा वाचून साइटवरून सरळ उचललं, त्यांचं बिघडलंय. दूरच्या एका दवाखान्यातले संगणक बंद पडले, ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली, असं गटातल्या एका बाईनं लिहिलं. संग्रामसर ते वाचून माझ्या टेबलाशी आले आणि ‘चहा सांगू का मॅडम’ म्हणाले. मलाही जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्या दवाखान्यात टेबलावर जायला तयार असलेलं कुणीतरी घरी परत गेलं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्याच बाईनं पुढे मला विचारलं, तुमचं आणि संघर्षचं आडनाव एकच आहे, तुमचा काय संबंध? मी लिहिलं, धाकटा भाऊ. मग तिनं विचारलं की त्याच्याबद्दल तुम्ही खात्री देऊ शकता का. हे वाक्य मी बरेच दिवस तसंच उघडं ठेवलं होतं. शेवटी लिहिलं, मी बहीण आहे, म्हणून माझी खात्री धरू नका. त्यालाच विचारा.

आता हे पत्र का, ते सांगते. सोमवारी सुरक्षा गटाची मंडळी सगळं जगजाहीर करणार आहेत. कुठली आवृत्ती, कुठली फाइल, आणि कुणाची सही. त्यात तुझं नाव असेल. तोवर कुणालाही कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, भावाला तर मुळीच नाही, आणि मी कबूल केलंय. ते कबूल केलेलं मी आत्ता मोडतेय. तू चावी दमून दिलीस की विकलीस हे न तपासता मोडतेय, आणि हे चुकीचं आहे हे मला नीट ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी माझ्यासमोर असं केलं असतं तर त्याला मी सर्व्हरजवळसुद्धा उभं केलं नसतं. पण तुझं नाव तू पहिल्यांदा परक्यांच्या तोंडून ऐकावंस, गुऱ्हाळावर, हातात झारा धरून, हे मला सहन होईना. रविवारी दुपारी मी निपाणीच्या गाडीनं येतेय, लॅपटॉप घेऊन. दमून दिली असशील तर ती सही आता माझी नाही, चावी रद्द समजा, एवढं तुझ्या हातानं लिहून त्यांना पाठवू, मी शेजारी बसते. विकली असशील तर तेही लिहू, तरीही मी शेजारी बसते. निघून जायचं असेल तर तुझ्याकडे शनिवारची रात्र आहे, मी शोधायला येणार नाही. पण जाऊ नकोस. मामीला सांग अक्का येतेय, भाकरी जास्त टाका.

तुझीच,
अक्का